रुग्णसुरक्षा : दवाखान्यात प्रश्न विचारायला शिकवणारा एक तास



१७ सप्टेंबर म्हटलं की आपल्या मराठवाड्यातल्या प्रत्येक शाळेत झेंडावंदन असतं. १९४८ साली याच दिवशी हैदराबाद संस्थान निजामाच्या ताब्यातून मुक्त झालं, हे आपण मुलांना दरवर्षी सांगतो. पण याच तारखेला आणखी एक दिवस असतो, त्याचा उल्लेख शाळेत फारसा होत नाही. तो म्हणजे जागतिक रुग्णसुरक्षा दिन. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अधिवेशनात १७ सप्टेंबर ही तारीख ठरली. मुलं त्या दिवशी शाळेत असतातच, तेव्हा मुक्तिसंग्रामाचा कार्यक्रम झाल्यावर एक तास या विषयासाठी काढता येईल. तो तास कसा घ्यायचा आणि आपल्या बीड जिल्ह्यात तो का घ्यायलाच हवा, हे या लेखात मांडते आहे.

रुग्णसुरक्षा म्हणजे नेमकं काय?

माणूस दवाखान्यात बरा व्हायला जातो. पण कधी कधी उपचारामुळेच त्याला इजा होते. चुकीचं औषध दिलं जातं, डोस जास्त होतो, निदान चुकतं किंवा गरज नसताना ऑपरेशन होतं. अशी टाळता येण्यासारखी इजा होऊ न देणं म्हणजे रुग्णसुरक्षा.

आपल्याला वाटतं की असे प्रकार मोठ्या हॉस्पिटलात, ऑपरेशन थिएटरातच होत असतील. पण जागतिक आरोग्य संघटना सांगते की प्राथमिक आणि बाह्यरुग्ण सेवेत दर १० पैकी ४ रुग्णांपर्यंत कसली ना कसली इजा होऊ शकते, आणि त्यातली ८० टक्क्यांपर्यंत इजा टाळता येण्यासारखी असते.

प्राथमिक सेवा म्हणजे आपल्या गावातली रोजची सेवा. आशाताई, अंगणवाडीताई, उपकेंद्रातल्या सिस्टर, प्राथमिक आरोग्य केंद्र, गावातला खासगी दवाखाना आणि कोपऱ्यावरचं मेडिकल. यात मी शाळाही धरते. जंताची गोळी आणि लोहाची गोळी मुलांच्या हातात कोण ठेवतं? आपणच की.

बीडचं उदाहरण : पिशवी काढलेल्या बाया

२०१९ च्या एप्रिलमध्ये आपल्या जिल्ह्याचं नाव देशभरातल्या वर्तमानपत्रांत आलं, आणि ते अभिमानाने सांगण्यासारखं नव्हतं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणात काढली जात असल्याच्या त्या बातम्या होत्या. त्याच वर्षी जूनमध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात माहिती दिली, की २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पुढे झालेल्या सर्वेक्षणात जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं.

हे आकडे सातवीच्या मुलांना शेकडेवारीचं उदाहरण म्हणून द्यावेत. १३,८६१ भागिले ८२,३०९, गुणिले १००. उत्तर येतं १६.८. म्हणजे शंभर बायांमागे जवळजवळ १७. सोप्या भाषेत, दर सहा बायांपैकी एक. आता राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतला देशाचा आकडा शेजारी लिहायचा. १५ ते ४९ वयोगटातल्या बायांमध्ये हे प्रमाण ३.३ टक्के आहे. दोन्ही पाहण्यांतला वयोगट आणि पद्धत वेगळी असल्यामुळे तुलना तंतोतंत होत नाही, हेही मुलांना सांगावं. गणित शिकवताना आकडा कुठे वापरू नये हेसुद्धा शिकवलं पाहिजे. तरीपण ३ आणि १७ मधला फरक नुसत्या वयोगटाच्या फरकाने भरून निघणारा नाही.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. गर्भाशय काढणं ही प्रत्येक वेळी चूक नसते. मोठ्या गाठी, औषधाने न थांबणारा रक्तस्राव, कर्करोग अशा वेळी ते ऑपरेशन जीव वाचवतं. प्रश्न एवढाच, की त्याआधीच्या पायऱ्या झाल्या होत्या का?

इथे प्राथमिक सेवेचा संबंध येतो. आपल्या पालक महिलांचं आयुष्य डोळ्यांपुढे आणा. दिवाळीच्या सुमारास गाव सुटतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. एक दिवस काम बुडालं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. कोपीजवळ ना संडास, ना न्हाणी. पाळीत कापड धुवायला पाणी नाही. पहाटे उठून तोडणी करायची, मोळ्या डोक्यावर वाहायच्या. अशात जंतुसंसर्ग होतो, अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं. लाजेने ती बाई कुणाला सांगत नाही. सांगितलं तरी कारखान्याच्या भागातला डॉक्टर तिला ओळखत नाही, जुने कागद सोबत नसतात. तात्पुरत्या गोळ्या मिळतात. गावी परत आल्यावर दुखणं वाढलेलं असतं. मग खासगी दवाखान्यात सोनोग्राफी होते आणि कानावर पडतं : "पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर कॅन्सर होईल." कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर कोण थांबणार? शिवाय पाळीच बंद झाली की खाडाही पडणार नाही, हा हिशेबही मनात असतो. बऱ्याच जणींनी ऑपरेशनसाठी पुन्हा उचल घेतली, म्हणजे दुखणं गेलं की नाही माहीत नाही, पण कर्ज वाढलं.

आता मधल्या पायऱ्या मोजा. आधी नीट तपासणी. संसर्ग असेल तर गोळ्यांचा पूर्ण कोर्स, गरजेप्रमाणे नवऱ्यालाही. रक्त कमी आहे का ते पाहणं. रक्तस्राव जास्त असेल तर तो कमी करणारी औषधं. कॅन्सरची शंका असेल तर गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी. तिशीच्या पुढच्या बायांसाठी ती सरकारी आरोग्य सेवेत मोफत ठेवलेली आहे. यांतल्या बहुतेक गोष्टी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात होऊ शकतात. या पायऱ्या गाळून एकदम शेवटच्या पायरीवर उडी मारली गेली, हीच ती इजा. कमी वयात गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढलं गेलं तर हाडं लवकर ठिसूळ होतात, अंगात गरम वाफा येतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. ज्या बाईला अजून वीस वर्षं मोळ्या उचलायच्या आहेत, तिच्यासाठी ही फार महाग किंमत आहे.

या प्रकरणानंतर बीडमध्ये गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम लावला गेला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. इतर राज्यांतल्या अशाच तक्रारींवरून चाललेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये त्या सूचना सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू कराव्यात असा आदेश दिला. नियम झाले, चांगलंच झालं. पण नियम कागदावर असतो आणि डॉक्टरसमोरच्या स्टुलावर आपली बाई बसलेली असते. तिला दोन प्रश्न विचारता आले पाहिजेत.

दुसरं उदाहरण : पोलिओऐवजी सॅनिटायझर

३१ जानेवारी २०२१, पल्स पोलिओचा रविवार. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात, भांबोरा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतल्या कापसी-कोपरी या गावी पाच वर्षांखालच्या १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याच्या सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना मळमळ आणि उलट्या होऊ लागल्यावर त्यांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात दाखल केलं. सुदैवाने मुलं बचावली. बूथवरच्या तीन कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली.

ही घटना मुलांना सांगितली की पहिलं उत्तर येतं, "त्यांना कामावरून काढून टाका." मोठी माणसंही तेच म्हणतात. पण इथेच थांबलं तर शिकायचं राहून जातं. कोरोनाचे दिवस होते, प्रत्येक बूथवर सॅनिटायझर ठेवणं सक्तीचं होतं. छोट्या बाटल्या, एकच टेबल, समोर रडणारी मुलं, घाई. माणूस बदलला आणि टेबल तसंच राहिलं, तर पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाच्या हातून तेच होईल.

हे समजावण्यासाठी जेम्स रीझन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने चीजच्या चकत्यांचं उदाहरण दिलं. आपल्या मुलांसाठी चाळण्या घ्याव्यात. एका चाळणीतून खडा खाली पडतो. पण एकाखाली एक चार चाळण्या धरल्या आणि प्रत्येकीची भोकं वेगळ्या जागी असली, तर खडा कुठे तरी अडतो. चारही भोकं एका रेषेत आली तरच तो खाली पडतो. पोलिओ बूथवरच्या चाळण्या अशा :

१. लसीची बाटली बर्फाच्या डब्यातच असते. टेबलावर उघडी ठेवलेली बाटली लस समजायची नाही.
२. बाटलीवरचं लेबल वाचायचं.
३. लेबलावरचं तापमान दाखवणारं चिन्ह पाहायचं. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तरच लस वापरायची. सॅनिटायझरच्या बाटलीवर हे चिन्ह नसतंच.
४. पालकाने विचारायचं, "ताई, बाटली दाखवता का?"

चौथी चाळणी आपली आहे. ती फुकट आहे, आणि तिला परवानगी लागत नाही.

शाळेतल्या गोळ्या : आपली जबाबदारी

फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये जंतनाशक दिन असतो, आणि लोहाच्या गोळ्या आठवड्याला एक अशा वर्षभर असतात. खालील गोष्टी आपण बहुतेक जण करतोच, पण नव्याने रुजू झालेल्यांसाठी लिहिते.

• अल्बेंडाझोलची गोळी ४०० मिलिग्रॅमची असते. २ ते १९ वर्षांसाठी एक, १ ते २ वर्षांच्या बाळाला अर्धी. गोळी चावून खायला लावावी. लहान मुलांना चुरून पाण्यातून द्यावी, कारण अख्खी गोळी घशात अडकू शकते. रडणाऱ्या मुलाच्या तोंडात कोंबू नये.
• त्या दिवशी ताप असेल किंवा मूल आजारी असेल तर गोळी देऊ नये. नाव लिहून ठेवावं, नंतरच्या फेरीत द्यावी.
• लोहाची गुलाबी गोळी ५ ते १० वयासाठी, निळी त्यापुढच्या मुलामुलींसाठी. रिकाम्या पोटी देऊ नये, खिचडी झाल्यावर द्यावी. शौचाला काळं होतं ते आधीच सांगावं, म्हणजे घरचे घाबरत नाहीत.
• गोळ्यांचा डबा कुलपात. लोहाच्या गोळ्या रंगीत असतात, लहान मुलाने मूठभर खाल्ल्या तर जीवावर बेतू शकतं. पाकिटावरची मुदत पाहूनच वाटप करावं.
• वाटप झाल्यावर तासभर मुलांवर लक्ष ठेवावं. प्राथमिक आरोग्य केंद्राचा आणि १०८ चा नंबर फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेला असावा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. त्यांनी ज्या मुलाला पुढे पाठवायला सांगितलं, तो कागद दप्तरात चुरगळून जाऊ देऊ नका. पालकांना बोलवून हातात द्या.

पालकांसाठी : घरातल्या औषधाचं गणित

तापाचं पॅरासिटामॉल घ्या. लहान बाळाच्या थेंबांच्या बाटलीत साधारण १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं. सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२५ किंवा २५० मिलिग्रॅम. आता एखाद्या आईने "पाच एम.एल. द्या" हे सिरपचं माप लक्षात ठेवून थेंबांच्या बाटलीतलं ५ मिलिलिटर पाजलं, तर बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम गेलं. १२५ च्या चौपट. औषध तेच, आजार तोच, बाटली वेगळी. म्हणून बाटलीसोबतचं झाकण किंवा ड्रॉपर वापरायचा, घरातला चमचा नाही. दोन घरांतले चमचे कधी सारखे नसतात. आणि मोठ्या भावाची उरलेली बाटली धाकट्याला द्यायची नाही, कारण डोस वजनावर ठरतो.

खोकल्याच्या औषधाबाबत तर फारच सावध राहा. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात दूषित खोकल्याच्या सिरपमुळे कितीतरी लहान मुलं दगावली. त्यातल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, असं कळवलं. पाच वर्षांखालीही ती सहसा देऊ नयेत असा सल्ला आहे. मेडिकलवाल्याला नुसतं "पोराला खोकला झालाय" सांगून बाटली आणणं बंद करायला हवं.

आणखी एक सवय. "डॉक्टर, एक सुई द्याच" किंवा "सलाईन लावा म्हणजे तरतरी येईल" असं आपणच म्हणतो. गोळीने भागत असेल तर सुई नको. सुई लागलीच, तर ती आपल्यासमोर नव्या पाकिटातून काढली का, हे बघा.

पाच प्रश्न

हे पाच प्रश्न मुलांकडून वहीत लिहून घ्यावेत आणि घरी दाराच्या मागे चिकटवायला सांगावेत.

१. मला नक्की काय झालं आहे?
२. हे औषध कशासाठी, किती आणि किती दिवस?
३. हे केलं नाही तर काय होईल? दुसरा उपाय आहे का?
४. कुठली लक्षणं दिसली तर लगेच परत यायचं?
५. मला कागद आणि रिपोर्ट मिळतील का?

ऑपरेशन सांगितलं असेल तर सहावा : "आम्ही दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून येऊ का?" यात डॉक्टरचा अपमान नाही. राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार खासगी रुग्णालयांनी रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. आजाराची माहिती मिळणं, संमतीशिवाय शस्त्रक्रिया न होणं, दुसरं मत घेता येणं हे त्यातले हक्क आहेत. भांडण करायची गरज नाही. "डॉक्टरसाहेब, आम्हाला नीट समजलं नाही, जरा सोपं करून सांगता का," एवढं म्हटलं तरी चांगला डॉक्टर सांगतोच. फोनवर सल्ला हवा असेल तर १०४ क्रमांक आहे.

वर्गातला तास (इयत्ता ५ वी ते ८ वी, ४० मिनिटं)

पहिली १० मिनिटं : घरातून आणलेली रिकामी औषधांची खोकी मांडावीत. गटात मुलांनी नाव, प्रमाण, मुदत आणि लाल रेघ शोधायची. लाल रेघ म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही.
पुढची १० मिनिटं : चाळण्यांचा प्रयोग. कागदाला भोकं पाडून चार चाळण्या करायच्या, वाटाणा टाकायचा.
पुढची १५ मिनिटं : नाट्यीकरण. एक डॉक्टर, एक आई, एक मुलगी. आई लाजते, मुलगी आदराने पाच प्रश्न विचारते. मग भूमिका बदलून मुलगा आईसोबत जातो. हे मुद्दाम करा, कारण आईच्या दुखण्याबद्दल बोलायची जबाबदारी फक्त मुलीची नाही.
शेवटची ५ मिनिटं : "आमच्या घराचं आरोग्य पान" घरी भरायला द्यायचं. त्यात प्रत्येकाचं नाव, वय, चालू औषध, कुठल्या औषधाची ॲलर्जी, झालेलं ऑपरेशन, लसीकरण.

मूल्यमापनासाठी दोन प्रश्न : कापसी-कोपरीच्या बूथवर तू पालक असतास तर कुठल्या चाळणीवर चूक अडवली असतीस? आणि बीडच्या सर्वेक्षणातला १६.८ टक्के हा आकडा देशाच्या आकड्याशी तुलना करताना काय काळजी घ्यावी?

दिवाळीच्या आधी हे पान भरून घ्या

तारखेमुळे एक सोय होते. १७ सप्टेंबरला पान दिलं की गावातली कुटुंबं ऊसतोडीला निघण्याआधी महिनाभर हातात असतो. तेवढ्यात आशाताईंना शाळेत बोलवून पानं तपासून घेता येतील. मूल हंगामी वसतिगृहात राहणार असेल तर एक प्रत तिथे द्यावी. आई-बापांबरोबर जाणार असेल तर पान, माता-बाल संरक्षण कार्ड आणि जुने रिपोर्ट एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपड्यांच्या गाठोड्यात ठेवायला सांगावेत. तिकडे सांगली-कोल्हापूरच्या किंवा कर्नाटकातल्या डॉक्टरपुढे ती बाई बसेल, तेव्हा तिच्या हातात निदान तिचा स्वतःचा इतिहास असेल.

आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलींच्या आया त्या १३,८६१ मध्ये असतील. त्या मुलींना आकडे सांगताना जपून बोला, नाव घेऊन कुणाला विचारू नका. पण विषय टाळूही नका. आईला ज्या दिवशी कुणी काही समजावून सांगितलं नाही, तो दिवस या मुलींच्या वाट्याला येऊ नये म्हणून हा तास आहे.

आपण हा तास घेतला तर मुलांनी आणखी कुठले प्रश्न सुचवले ते जरूर कळवा. माझ्या वर्गाच्या यादीत ते जोडून घेईन.